धारूर ते नांदेड: पळून निघालेल्या पोरीची रोड फिल्म कशी उभी करायची

रोड फिल्म करायची ठरली की आधी कॅमेरा बघू नका, नकाशा बघा. माणूस कुठून निघतं, कुठल्या दिशेला जातं आणि कुठल्या महिन्यात जातं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं: उजेड, पिकं, कपडे, वाटेत भेटणारी माणसं, शूटिंगचे दिवस. मराठवाड्यात तर हे जास्तच खरं आहे, कारण इथे वर्षातून एकदा रस्ताच माणसांनी भरून वाहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पळून जाण्याची गोष्ट करायची असेल तर ती या लोंढ्याच्या उलट दिशेने जाऊ द्या. पडद्यावर तेवढं दिसलं तरी अर्धं सांगून होतं.

पुढचं सगळं एकाच नमुन्यावर समजावून घेऊ. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली एकोणीस वर्षांची पोरगी. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. घरच्यांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीचे पैसे, घेतली आहे, आणि पूर्ण कोयता भरावा म्हणून हंगामाच्या तोंडावर तिचं लग्न ठरवलं आहे. टोळी निघायच्या आदल्या रात्री ती घर सोडते. वाटेत तिला भेटतो अंबाजोगाईचा एक म्हातारा कल्हईवाला, भाता आणि कोळशाचं पोतं टीव्हीएस एक्सएल मोपेडवर बांधून गावोगाव फिरणारा. ती त्याला चाचा म्हणते, तो तिला बेटा म्हणतो. रस्ता असा: धारूर, अंबाजोगाई, परळी, गंगाखेड, पालम, लोहा, माळेगावची यात्रा आणि नांदेड. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात डोंगर, घाट, परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या, जनाबाईच्या गंगाखेडला गोदावरीचा घाट, काळ्या रानाचं सपाट पठार आणि शेवटी जनावरांचा प्रचंड बाजार, एवढं सगळं मिळतं. याहून लांब रस्ता धरला तर युनिटचा निम्मा दिवस गाडीत जातो.

महिना आधी ठरवा

टोळ्या निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. माळेगावची खंडोबाची यात्रा भरते मार्गशीर्ष वद्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. मधे दीड-दोन महिन्यांचं अंतर आहे, ते गोष्टीत भरून निघालं पाहिजे. म्हणूनच जोडीदार कल्हईवाला घेतला आहे. तो एका गावात दोन-तीन दिवस टाकतो, चार ताटल्या आणि दोन पातेल्यांचे पैसे घेतो, पुढे सरकतो. दोनशे किलोमीटरला दीड महिना लागला तरी प्रेक्षक का म्हणून विचारत नाही. हाच माणूस ट्रक ड्रायव्हर असता तर दोघं दुपारपर्यंत नांदेडात पोचली असती आणि सिनेमा संपला असता.

शूटिंगही दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा ऑक्टोबरअखेर ४ दिवसांचा: गाव, टोळीची निघायची रात्र, पहिली भेट. दुसरा डिसेंबरात १३-१४ दिवसांचा, गोष्टीच्या क्रमाने. क्रमाने शूट करणं महाग पडतं असं सांगणारे भेटतील. रोड फिल्ममध्ये ते स्वस्त पडतं, कारण युनिटही त्याच रस्त्याने पुढे चाललेलं असतं. शिवाय दोन नटांची ओळख खरोखर वाढत जाते, तिचा रंग उन्हाने खरोखर उतरतो, चपला खरोखर झिजतात.

इथे सगळ्यात जास्त फसवतात ती पिकं. ऑक्टोबरात सोयाबीन काढून गंजी लागलेल्या असतात, कापूस फुटायला लागलेला असतो आणि रब्बी ज्वारी नुकती उगवून वर आलेली असते. नोव्हेंबरात तूर पिवळ्या फुलांनी भरते, डिसेंबरात शेंगा धरते, जानेवारीत कापणीला येते. डिसेंबरअखेर ज्वारी डोक्याला लागते आणि हुरड्याची कणसं दिसतात. आता समजा पहिल्या भेटीचा एक शॉट राहिला आणि तुम्ही तो डिसेंबरात जाऊन घेतला. मागे उंच ज्वारी उभी असेल, आणि मराठवाड्यातला कुठलाही प्रेक्षक बसल्या जागी म्हणेल, "ह्ये तर पौषातलं रान हाय." राहिलेला शॉट घ्यायचाच असेल तर मागे नुसतं नांगरलेलं रान, बांध किंवा पत्र्याची भिंत येईल असा घ्या. कंटिन्युइटीच्या, म्हणजे शॉटला शॉट जुळतो का ते टिपायच्या, वहीत कपड्यांच्या शेजारी पिकाचा रकाना ठेवा आणि रोज चारही दिशांचा फोटो काढा.

मे महिन्यात रस्त्यावरचा सिनेमा करू नका. पारा चाळिशीच्या वर जातो, कॅमेरे तापून बंद पडतात. महिन्याच्या मध्यावर भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडतात.

दिशा: पोरगी उजवीकडून डावीकडे

धारूरहून नांदेडला जाणं म्हणजे ढोबळमानाने पूर्वेला जाणं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, भरदुपारीही ४८ अंशांच्या आसपासच चढतो. आता विचार करा. रस्त्याच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे तोंड करून गाडी टिपली तर ती पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते, पण सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहतो आणि चित्र चपटं येतं. रस्ता ओलांडून उत्तरेला या. आता सूर्य समोर आहे, धूळ उजळते, गाडीच्या कडेला उजेडाची रेघ येते, आणि एक्सएल उजवीकडून डावीकडे जाते. सगळा सिनेमा याच दिशेने करा.

याचा दुसरा फायदा गोष्टीला होतो. आपली वाचायची सवय डावीकडून उजवीकडे आहे, त्यामुळे उलट जाणारं माणूस जरा जोर लावून चाललंय असं वाटतं. समोरून येणारे टोळ्यांचे ट्रक, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर डावीकडून उजवीकडे जाऊ द्या. ती मागे फिरायचा विचार करते तो एकच प्रसंग असेल, तिथे एकदाच तिला डावीकडून उजवीकडे चालवा. हे जमायचं असेल तर बाकी सिनेमाभर शिस्त पाळावी लागते. एखादा सुंदर शॉट उलट्या दिशेने मिळाला म्हणून घेतला, की एडिटला बसल्यावर पोरगी घरी निघाली असं दिसतं. चित्र आडवं उलटवून काम भागत नाही: दुकानाच्या पाट्या, नंबरप्लेट, साडीचा पदर सगळं उलटतं.

नंबरप्लेटचं निघालं म्हणून: अंबाजोगाईच्या गाडीला एमएच ४४, बीडला २३, परभणीला २२, नांदेडला २६. चाचाच्या गाडीवर एमएच १२ दिसलं तर इकडचा माणूस गोष्टीतून उठतो.

दोघांची जोडी कागदावर कशी बांधायची

अनोळखी सोबत म्हणजे दोन विरुद्ध स्वभावांची माणसं भांडत जाणं, असं समजून लिहिलेल्या पटकथा तिसाव्या पानावर दमतात. स्वभाव बाजूला ठेवा. प्रत्येकाच्या हाताला काय येतं आणि काय येत नाही, ते लिहा. पोरीला मोळी बांधता येते: उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पिळून त्याचाच बंद करायचा, गुडघा दाबून आवळायचा. चाचाला विस्तव कळतो. पहिल्या दिवशी चाचाचं सामान दोरीने नीट बांधलेलं नाही, उतारावर पोतं घसरतं. ती खाली उतरते, काही न बोलता रस्त्यावर पडलेलं वाढं उचलते आणि बांधून टाकते. इथे कॅमेरा तिच्या हातांवर ठेवा, तोंडावर नको. नंतर मध्यावर चाचा ती गाठ स्वतः मारायचा प्रयत्न करतो आणि ती सुटते. शेवटच्या भागात गाठ त्याने मारलेली असते आणि टिकते. तसंच कल्हईचं: आधी ती फक्त भाता हलवते, मग भांडी घासते, शेवटी एक पातेलं एकटी करते.

स्वतःची ओळख पटणं म्हणतात ते एवढंच दाखवता येतं. "आता मला कळलं मी कोण आहे" असं वाक्य पटकथेत आलं असेल तर ते पान काढून तिथे हाताचं काम ठेवा.

संवाद गावात बसून दुरुस्त करा. मपलं-तुपलं, कामून हे बीड-परभणीच्या पट्ट्यात कानावर येतं. लातूर-उदगीरकडे करायलाव, जायलाव ऐकू येतं. चाचाच्या तोंडी दखनी, म्हणजे इकडची उर्दू. "चाचा, मपल्या हातानं व्हईल का ह्ये?" "आगकू पूछ बेटा, मेरेकू नक्को." एवढ्यावर थांबा. दोघांनाही एकाच छापाची 'गावरान' भाषा दिली की जोडी तिथेच मोडली.

मोबाइलचा प्रश्न आधीच सोडवा. आजच्या काळात कुणीही पळालं की दहा मिनिटांत फोन येतो. फोन हरवला ही पळवाट आहे. त्यापेक्षा फोन बंद करून तिच्याकडेच ठेवा. तो चालू करायचा की नाही, हा प्रत्येक मुक्कामाला तिच्यापुढचा प्रश्न असू द्या. आणि मुकादमाला जीपमधून पाठलाग करणारा खलनायक करू नका. तोही पुढून पैसे उचलून बसलेला असतो, माणसं भरली नाहीत तर त्याचंही बुडतं. असा मुकादम शोधायला आला तर जास्त भीती वाटते, कारण त्याचं म्हणणं खोटं नसतं.

पानं ८५ ते ९५. साधारण एक पान एक मिनिट धरतात, पण रस्त्याचे शॉट दोन ओळीत लिहिले जातात आणि पडद्यावर अर्धं मिनिट खातात, म्हणून पानं थोडी कमीच ठेवा.

कल्हईचा प्रसंग

हा सिनेमाचा कणा आहे, म्हणून याला पूर्ण दिवस द्या. काम असं चालतं: भांडं आधी घासून स्वच्छ करायचं. जमिनीत खड्डा करून लोणारी कोळसा पेटवायचा, भात्याने फुंकायचा. सांडशीत धरून भांडं फिरवत तापवायचं. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो. कथिलाची कांडी तापल्या भांड्याला लावायची. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे भांडं लाल व्हायची गरज नसते. उलट जास्त तापलं तर कल्हई काळवंडते. लगेच कापसाच्या बोळ्याने गोल फिरवून पसरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. पिवळ्याचं रुपेरी होणं दोन-तीन सेकंदांत घडतं.

तेच दोन-तीन सेकंद तुम्हाला हवे आहेत, आणि ते पुन्हा मिळत नाहीत, कारण कल्हई झालेलं भांडं पुन्हा पिवळं करत बसायला वेळ नसतो. म्हणून एकाच घडणीची ८ पितळी पातेली आणून ठेवा, सगळी सारखी काळी करून. सहा टेकसाठी सहा, दोन वर शिल्लक. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आधीच्या पितळेवर लावू नका. कल्हई चढल्याबरोबर भांडं चकाकतं आणि पांढरं फुटतं. एक पातेलं तालमीत घालवा आणि चकाकीवर एक्स्पोजर ठरवा. धुरासाठी सूर्य समोर ठेवा, सकाळी साडेआठच्या आत. धूर नाकातोंडात जाऊ नये म्हणून काम उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असणारं युनिटमधलं माणूस लांब. पाण्याची बादली नटाच्या हाताजवळ, आणि सुती कपडे. नायलॉनच्या साडीला ठिणगी लागली तर ती अंगाला चिकटते.

खऱ्या कल्हईवाल्याला पंधरा दिवस आधी कामावर घ्या, रोजचा पगार द्या, नटाला त्याच्याकडे शिकायला बसवा. श्रेयनामावलीत त्याचं नाव घाला.

चालत्या गाडीचे शॉट

एकसारख्या दोन एक्सएल ठेवा. रंग, ओरखडे, सीटची फाटकी जागा सगळं जुळवून. एक बिघडली तर दिवस जात नाही. टाकी ४ लिटरची असते, म्हणून पेट्रोलचा कॅन सामानाच्या गाडीत.

पुढून टिपण्यासाठी छोटा हत्ती बरा. हौदा बुटका असल्यामुळे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला येतो. मागचं फाळकं काढा, कॅमेरामनला कमरेला हार्नेस लावून केबिनच्या मागच्या लोखंडी जाळीला बांधा, सोबत एकच मदतनीस. वेग २० किलोमीटर, त्यावर नाही. हे काम राष्ट्रीय महामार्गावर करायचंच नाही. पालम-लोह्याच्या परिसरात कमी वर्दळीचे गावरस्ते मिळतात. पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा आणि दोन्ही टोकांना माणूस उभा करा. सार्वजनिक रस्त्यावर दोघांनाही हेल्मेट कायद्याने लागतं. चेहरे उघडे हवे असतील तर कारखान्याचा किंवा शेताचा खासगी रस्ता मालकाच्या परवानगीने घ्या.

सकाळी पूर्वेला जाताना उन्हं समोरून येतात, चेहरे उजळतात पण डोळे मिचकतात. संध्याकाळी ऊन पाठीवर. म्हणून बोलणं सकाळी आणि गप्प बसणं संध्याकाळी टिपा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. संधिप्रकाश जेमतेम २०-२५ मिनिटं टिकतो. पळून जाण्याची पहाट तेवढ्यात बसत नाही. आदल्या दिवशी त्याच वेळेला तालीम करा आणि शूट दोन पहाटांत वाटून घ्या.

एक्सएल वाटेत बंद पडते आणि दोघं टेम्पोच्या केबिनमध्ये बसतात, असा एक प्रसंग जरूर ठेवा, गोष्टीला दम मिळतो. काचेतून टिपताना आभाळाचं प्रतिबिंब चेहरे खाऊन टाकतं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) लावून, तो फिरवून ते मारा, पण साफ घालवू नका, थोडं राहिलं तर काच असल्याचं कळतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं तर ढाब्याच्या ट्यूबलाइटचा फडफडाट येत नाही, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

धुळीत लेन्स बदलायची तर जीपच्या काचा वर करून, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. रोज रात्री डेटा दोन ठिकाणी उतरवा आणि दोन डिस्क दोन वेगळ्या गाड्यांत ठेवा. कॅमेरा १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर तासाला ४५ जीबी लागतात. रोज तीन तासांचं फुटेज धरलं तर दिवसाला १३५ जीबी, डबल प्रतीसह २७०.

आवाज

चालत्या दुचाकीवरचा संवाद वापरण्याजोगा क्वचितच मिळतो. माइक कपड्यात लपवला तरी वारा आणि इंजिन बसतंच. म्हणून पटकथेतच ठरवा: गाडीवर एक-दोन शब्द, बोलणं मुक्कामाला. गाडीवरचे जे थोडे शब्द असतील ते शॉट झाल्याबरोबर, इंजिन बंद करून, झाडाखाली त्याच दमात पुन्हा म्हणवून घ्या. स्टुडिओतल्या डबिंगपेक्षा ते खरं वाटतं. एक्सएलचे आवाज वेगळे घ्या: सुरू होणं, नुसतं चालू राहणं, जवळून जाणं, बंद झाल्यावर तापलेल्या नळीचा टिकटिक आवाज. प्रत्येक मुक्कामावर सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसता तिथला आवाज. सगळं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला.

एक अडचण इकडे हमखास येते. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्ठा डेक लावलेला असतो आणि त्यावर चित्रपटाची किंवा कॅसेटची गाणी. ती तुमच्या आवाजात उतरली की हक्काचा प्रश्न उभा राहतो, आणि संवादातून गाणं साफ वेगळं काढणं अवघड असतं. ट्रॅक्टरवाल्याला नम्रपणे पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा, बहुतेक ऐकतात. गाणं हवंच असेल तर गावातल्या म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरची ओवी रेकॉर्ड करा. ओवी सगळ्यांची असली तरी गळा तिचा आहे. लेखी संमती घ्या, पैसे द्या, नाव द्या.

परवानग्या

एसटी स्थानकात किंवा लालपरीत शूट असेल तर एसटी महामंडळाची परवानगी आणि भाडं. परळीच्या औष्णिक केंद्राचे शॉट लांबूनच घ्या, आत किंवा कुंपणापाशी परवानगीशिवाय नाही. ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात (जिथे आधी परवानगी लागत नाही) आहे का बघा. हिरव्यातही १२० मीटरच्या वर जायचं नाही. नांदेडला विमानतळ आहे, तिथे विशेष जपून. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला प्रमाणपत्रधारक पायलट लागतो.

बैल, घोडा, गाढव यांपैकी कोणी गोष्टीत काम करणार असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. ती नसली तर सेन्सॉरला सिनेमा अडतो, आणि मग बैलांच्या टायरगाडीचा एखादा प्रसंग असला तर तो सगळा कापावा लागतो. माळेगावच्या बाजारात शूट करायचं ठरवल्यावर हा अर्ज सगळ्यात आधी टाका. लहान मुलाला काम देणार असाल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांच्या वर नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत.

यात्रेत मोठं युनिट घेऊन शिरू नका. पाच माणसं, एक कॅमेरा, ट्रायपॉड नाही, दिवे नाहीत. कॅमेऱ्याकडे बघणारी गर्दी टाळायची असेल तर एका जागी अर्धा तास नुसतं उभं राहा. लोक कंटाळतात आणि आपल्या कामाला लागतात, मग शूट सुरू करा. ज्याचा चेहरा जवळून घेतला त्याला विचारा.

एडिट

पहिल्या कटमध्ये रस्त्याचे शॉट सगळे सुंदर वाटतात. प्रत्येकाला एकच प्रश्न लावा: या शॉटच्या आधी आणि नंतर दोघांच्या बसण्यात काय फरक पडला? सुरुवातीला तिच्या आणि चाचाच्या मधे कोळशाचं पोतं असतं. अंबाजोगाईनंतर पोतं मागे जातं. गंगाखेडनंतर ती पुढे आणि चाचा मागे, गाडी ती चालवते. असे चार-पाच फरक दाखवणारे शॉट ठेवा, बाकीचे काढा. साधारण चाळीस शॉटपैकी बारा राहिले तर हिशेब बरोबर आहे.

कट पक्का करण्याआधी तो धारूरला दाखवा, टोळ्या परत आल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात. शाळेच्या भिंतीवर चादर, एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर. पडद्याकडे बघू नका, बायकांकडे बघा. मोळी बांधायच्या प्रसंगात कुणी शेजारणीला कोपराने ढोसून "असं नस्तंय गं" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी त्या बाईलाच बोलवा, वाढं द्या हातात, आणि हातांचा शॉट नव्याने घ्या.